झेलिगची मुलगी

हैफाच्या हदार भागात बायकांच्या प्रेतांना अंघोळ घालायचं काम चौघीजणी करत. त्याला पगार नव्हता. फोन आला की हातातलं काम टाकायचं आणि दफनभूमीच्या फाटकाशेजारच्या फरशीच्या खोलीत जायचं. १९५३ ते १९८३ या तीस वर्षांत या चौघींमधलं एक नाव कधी बदललं नाही: ब्रोन्या क्विंट. बाकीच्या बदलत गेल्या. कोणाचे गुडघे गेले, कोणी मुलाकडे राहायला गेली, दोघी स्वतःच त्या अंघोळीच्या टेबलावर येऊन पडल्या.

ब्रोन्याकडे पाण्याचं काम होतं. तीन बादल्या पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतायचं आणि मध्ये धार तुटू द्यायची नाही. पहिली बादली संपायच्या आत दुसरीचं पाणी पडू लागलं पाहिजे. धार तुटली तर सगळं पहिल्यापासून. ब्रोन्याच्या हातून ती एकदाही तुटली नाही, असं झेल्डा सांगते. झेल्डा ग्रोस ही चौघींची प्रमुख. मूळची हंगेरीची, तोंडानं फटकळ.

अंघोळ झाली, पांढरे कपडे घातले, की शेवटी एक वाक्य म्हणायचं असतं. गेलेल्या बाईला तिच्या आणि तिच्या बापाच्या नावानं हाक मारायची आणि तिची क्षमा मागायची. अमकी, तमक्याची मुलगी, तुझ्या मानाला साजेसं काही आमच्याकडून राहिलं असेल, तर आम्हाला क्षमा कर. हे वाक्य आळीपाळीनं म्हणायची रीत आहे. ब्रोन्यानं ते तीस वर्षांत कधीच म्हटलं नाही.

"मी पाणी घालते, तू बोल," एवढंच ती म्हणायची.

"पोलंडच्या बायका माशातसुद्धा साखर घालतात," झेल्डा म्हणायची, "पण तोंडातून एक गोड शब्द काढायचा म्हटलं तर यांची दातखीळ बसते."

ब्रोन्या हसायची. सगळ्यांनी धरून चाललं होतं की तिला हिब्रू नीट बोलता येत नाही, म्हणून ती लाजते.

तिचा नवरा लाझार क्विंट बंदरावर वेल्डर होता. तो १९७६ मध्ये गेला. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या बायका सुरुवातीला विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. आम्हा ज्यूंकडे मुलाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात. प्रत्येक घरात नावं वाट बघत होती, तेवढी मुलं मात्र नव्हती. एकदा मझालनं, म्हणजे चौघींमधल्या सगळ्यात तरुण, मोरोक्कोच्या घरातल्या बाईनं, तिला तोंडावर विचारलं होतं, "मुलगी झाली असती तर कोणाचं नाव ठेवलं असतंत, ब्रोन्याबाई?"

"म्हणून तर झाली नाही," ब्रोन्या म्हणाली आणि बादल्या उपड्या घालायला गेली.

१९८३च्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी महिन्यांचा हिशोब सांगितला. उन्हाळा सरताना येणाऱ्या आमच्या नव्या वर्षाच्या आदल्या आठवड्यात ती झेल्डाच्या घरी गेली. झेल्डानं मधाचा केक नुकताच ओव्हनमधून काढला होता. ब्रोन्यानं पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

"माझी अंघोळ तूच घालणार ना?"

"नाही, पंतप्रधानांना बोलावते. केक खा."

"शेवटचं वाक्य कोण म्हणेल?"

"मीच. दुसरं कोण? ब्रोन्या, मोर्देखायची मुलगी..."

"ते नाव माझं नाही," ब्रोन्या म्हणाली.

पुढचं सगळं तिनं एका दमात सांगितलं. झेल्डानं ते मला पुढे जसं सांगितलं, तसंच इथे देतो.

तिचं खरं नाव एत्का फायनर. बापाचं नाव झेलिग. लढाईच्या शेवटच्या दोन वर्षांत ती सुदेतांच्या डोंगरातल्या एका गिरणीवर होती. तिथे तीनशे ज्यू मुली जवसाचा धागा काढायच्या. एत्का एका बराकीची मुकादम होती. छावणीवर नेमलेली जर्मन बाई कैद्यांमधूनच मुकादम निवडायची. मुकादमाला सूपाच्या पातेल्याच्या तळाचा डाव मिळायचा आणि हातात काठी. काठी तिनं वापरली का, हे झेल्डानं विचारलं नाही. एत्कानं आपण होऊन सांगितलं: वापरली.

१९४५च्या जानेवारीत जर्मन बाईनं त्या बराकीतून बारा आजारी मुलींची यादी मागितली. आजाऱ्यांना कुठे नेतात हे सगळ्यांना माहीत होतं. अंथरुणाला खिळलेल्या अकरा होत्या. त्या आठवड्यात अंगात ताप असलेल्या आणखी दोघी होत्या. एक स्वतः एत्का आणि दुसरी ब्रोन्या पेर्लमुटर, वय एकोणीस, बेंद्झिन गावची. यादी एत्काच्या हातात होती. बाराव्या ओळीवर तिनं ब्रोन्याचं नाव लिहिलं.

नेताना मुलींचे कोट काढून घेतले. ब्रोन्याचा कोट एत्कानं ठेवून घेतला. थंडी होती. त्याच्या अस्तरात ब्रोन्याचा शाळेचा दाखला शिवलेला होता, हे तिला मे महिन्यात कळलं. लढाई तेव्हा संपली होती. निर्वासितांच्या छावणीत मुली जुन्या मुकादमांना शोधून शोधून मारत होत्या. नोंदणीच्या टेबलापाशी एत्कानं तो दाखला पुढे केला. कारकुनानं नाव वाचलं, तिनं होकारार्थी मान हलवली.

सांगून झाल्यावर तिनं झेल्डाकडे पाहिलं. झेल्डा केक कापत होती. तिनं तो शेवटपर्यंत सारख्या तुकड्यांत कापला.

"आमच्या बराकीतही एक होती," झेल्डा म्हणाली. "तिचे हात मला अजून आठवतात. मनगटं जाड होती. जा तू घरी."

त्यानंतर सहा दिवस दोघी बोलल्या नाहीत. सातव्या दिवशी फोन आला. रस्त्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एक शिक्षिका गेल्या होत्या. एक जण आजारी, त्यामुळे तिघीच होत्या, आणि तीन बादल्यांची धार दोघींशिवाय जमत नाही. झेल्डानं पहिली बादली उचलली, एत्कानं दुसरी. धार तुटली नाही. बाहेर नळावर हात धुताना झेल्डा म्हणाली, "माझ्याकडे माफी मागू नकोस. माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही. तिचं कोणी जिवंत आहे?"

"भाऊ आहे. अफुलाला."

"तुला कसं ठाऊक?"

"तो माझ्याकडे आला होता."

झेल्डाच्या मते यादीपेक्षाही हे जास्त वाईट होतं. १९५० मध्ये रेडिओवर रोज दुपारी हरवलेल्या नातेवाइकांची नावं वाचत. लाझार कामावर गेलेला असताना एत्कानं ते ऐकलं: ब्रोन्या पेर्लमुटर, मोर्देखायची मुलगी, बेंद्झिनची, हिला भाऊ शाया शोधत आहे. तिनं रेडिओ बंद केला. पुढच्या वर्षी कुठल्याशा कचेरीनं शायाला हैफाचा पत्ता दिला आणि तो दारात येऊन उभा राहिला. पंचविशीचा, हातात जर्दाळूंची पिशवी. दार उघडताच त्याचा चेहरा पडला. ती त्याची बहीण नव्हती.

"बेंद्झिनच्या का तुम्ही?" त्यानं तरी विचारलं.

"नाही. कारकुनानं चुकीचं लिहिलंय. नाव सारखं आहे, एवढंच."

"माफ करा," तो म्हणाला. "उगाच त्रास दिला." जर्दाळू तो दारातच ठेवून गेला.

नव्या वर्षापासून मोठ्या उपासाच्या दिवसापर्यंत दहा दिवस असतात. त्या दिवसांत ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची असते. त्यानं नाकारली तर पुन्हा जायचं. तीनदा. देव देवाविरुद्धच्या अपराधांची क्षमा करतो, माणसाच्या अपराधाची माणसानंच करायची. मेलेल्या माणसाची क्षमा त्याच्या कबरीवर दहा जण नेऊन मागता येते, पण ब्रोन्याला कबर नव्हती. दहांतले सहा दिवस गेले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी झेल्डा बसच्या थांब्यावर हजर होती.

"तू कशाला?" एत्कानं विचारलं.

"साक्षीला. आणि तू मध्येच उतरून पळशील म्हणून."

शाया पेर्लमुटर अठ्ठावीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला होता. बायको वारलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला असायचा. त्यानं दार उघडलं आणि लगेच ओळखलं.

"तुम्ही हैफाच्या. नाव सारखं असलेल्या."

एत्कानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. यादी, बारावी ओळ, कोट, दाखला, रेडिओ. शेवटी तिनं क्षमा मागितली. त्यानं घड्याळ पाहिलं.

"साडेबाराची बस आहे," तो म्हणाला. "चौकातून पकडा, इथे थांबत नाही." आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दारच उघडलं नाही. तो गॅलरीत होता. बियांची टरफलं खाली पडत होती.

"अहो, वर घ्या तरी!" झेल्डा रस्त्यावरून ओरडली. "बाई आजारी आहे!"

"मग आजारी बाईला घेऊन हिंडता कशाला?"

"ती क्षमा मागतेय!"

"ऐकू आलं. नाही म्हणून सांगा."

शेजारच्या गॅलरीतून एका बाईनं डोकं बाहेर काढलं. "शाया, कोण आहेत रे या?"

"हैफाच्या आहेत," शाया म्हणाला. "मासे विकतात."

परतीच्या बसमध्ये एत्का खिडकीला डोकं टेकून बसली होती. झेल्डानं पिशवीतून केकचा तुकडा काढून तिच्या हातात ठेवला. पहिल्या दिवशी कापलेलाच केक होता, आता कडक झालेला. एत्कानं तो खाल्ला.

तिसरा दिवस शुक्रवार, उपासाच्या आदला. बस दुपारनंतर बंद होणार होत्या. या खेपेला शायानं दार उघडलं, दोघींना बसायला सांगितलं, दोन ग्लास पाणी आणून ठेवलं. टेबलावर एक फाइल होती. तीत तीन पत्रं होती. १९५१चं, १९५८चं आणि १९६७चं. तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांना त्यानं बहिणीबद्दल विचारलं होतं. तिन्हींचं उत्तर एकच: सदर व्यक्ती हयात असून हैफा येथे राहते; शोध पूर्ण. खाली एत्काचा पत्ता.

"मी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तुझ्याच दारात येऊन थांबलो," तो म्हणाला. अहोजाहो गेली होती. "हयात आहे म्हणाले. हयात माणसाचा मरणतिथीचा दिवा लावत नाहीत. आईबापांचा मी दर वर्षी लावतो. तिचा अडतीस वर्षांत एकदाही लावला नाही. शेजारी म्हणायचे, अरे, एक दिवस ठरव आणि लाव. मी म्हणायचो, आणि ती जिवंत असली तर? मी माझ्या हातानं तिला मारू?"

एत्कानं तिन्ही पत्रांवरचा आपला पत्ता वाचला.

"कोट कसला होता?"

"निळा. कॉलरला आतून राखाडी पट्टी होती."

"आईनं शिवला होता. पट्टी वडिलांच्या जुन्या पँटची. कुठे आहे?"

"जहाजातून उतरल्यावर टाकला. इथे उकाडा होता."

"नाव ठेवलंस," शाया म्हणाला, "आणि कोट टाकलास."

झेल्डा सांगते, त्या क्षणी तिला उठून निघून जावंसं वाटलं. पण साक्षीला आलेल्या माणसाला उठता येत नाही.

शायानं फाइलच्या तळातून एक छापील कागद काढला. लढाईत गेलेल्यांची नोंद ठेवतात तिथला. प्रत्येक माणसासाठी एक कागद असतो. हा वीस वर्षं कोरा होता, घडीवर पिवळा पडलेला.

"मला तुझं रडणं नको. मला तारीख दे."

"शुक्रवार होता," एत्का म्हणाली. "मुलींनी शुक्रवार संध्याकाळच्या दिव्यासाठी मार्गारिन वाचवून ठेवलं होतं. बटाट्याच्या सालीत वात घालायच्या. त्या संध्याकाळी कोणी लावला नाही. जानेवारीचा दुसरा शुक्रवार."

त्यानं फळीवरून शंभर वर्षांचं पंचांग काढलं, चष्मा लावला आणि बोट फिरवत शोधलं. "बारा जानेवारी. तेवेत महिन्याची सत्तावीस." त्यानं ते पुन्हा एकदा, फक्त ओठांनी म्हटलं.

मग कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. जे त्याला माहीत होतं ते त्यानं सांगितलं: बापाचं नाव, आईचं नाव, जन्मगाव, गल्ली. जे तिला माहीत होतं ते तिनं लिहिलं: ठिकाण, दिवस, कशी गेली. ती हळू लिहीत होती, पण खाडाखोड केली नाही. तळाशी दोन ओळी होत्या. माहिती देणाऱ्याचं नाव. तिथे तिनं लिहिलं: एत्का फायनर, झेलिगची मुलगी. पुढची ओळ होती, मृत व्यक्तीशी नातं. तिथे पेन थांबलं.

"मैत्रीण लिहू?"

"होतीस?"

"नाही."

"मग खरं ते लिही."

तिनं लिहिलं: यादी लिहिणारी.

शायानं कागद घेतला, वाचला, शाई वाळेपर्यंत हातात धरला. एत्का उभी राहिली. तिनं तिसऱ्यांदा क्षमा मागितली.

"नाही," तो म्हणाला. "जिची आहे तिला विचार. मी फक्त भाऊ आहे. तीनदा मागितलीस, तीनदा नाही म्हणालो. तीनदा नाकारल्याचं पाप असेल तर ते माझ्या माथी राहू दे, मी वर बघून घेईन. पण एक सांगतो. माझ्या बहिणीचं नाव घेऊन मातीत जायचं नाही. नाव इथे ठेवून जा."

"त्याचसाठी आले होते," एत्का म्हणाली.

"शेवटची बस एक वाजताची," शाया म्हणाला. "निघा. नाहीतर सणाला इथेच अडकाल."

किस्लेव महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडाशी, एत्का गेली. त्याआधी तिनं राबायकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, सगळं लेखी दिलं होतं, दोन साक्षीदारांच्या सहीनं. तरीही दफनाच्या कचेरीतून चिठ्ठी आली ती ओळखपत्रावरून लिहिलेली: ब्रोन्या, मोर्देखायची मुलगी. झेल्डा चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी गेली.

"हे बदला. एत्का, झेलिगची मुलगी."

कारकुनानं वही चाळली. "बाई, आमच्याकडे एत्का नावाची कोणी मेलेली नाही."

"मेलेली आहे. आत टेबलावर आहे. जाऊन विचार तिला."

"ओळखपत्रावर..."

"ओळखपत्र खोटं आहे. राबायचा कागद तुझ्या डाव्या हाताखाली तीन आठवडे पडलाय. त्यावर तू चहाचा ग्लास ठेवतोस."

त्यानं ग्लास उचलला, कागद वाचला, आणि नवी चिठ्ठी लिहून दिली.

त्या दिवशी पाणी झेल्डानं आणि मझालनं घातलं. मझालला दुसऱ्या बादलीची सवय नव्हती. पहिली संपत आली तरी तिची उचलली जाईना. क्षणभर धार तुटली. दोघींनी बादल्या पुन्हा भरल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कपडे चढवून झाल्यावर झेल्डानं खिशातली चिठ्ठी काढली. तिला ती पाठ होती, तरी वाचून म्हटलं.

"एत्का, झेलिगची मुलगी, तुझ्या मानाला साजेसं काही आमच्याकडून राहिलं असेल, तर आम्हाला क्षमा कर."

मझालनं वर पाहिलं. "एत्का कोण?"

"ही," झेल्डा म्हणाली. "डोक्याकडून धर."

कबरीवरचा दगड महिन्यानं बसला. त्यानंतरच्या सोमवारी, तेवेतच्या सत्ताविसाव्या दिवशी, शाया पेर्लमुटर अफुलाहून हैफाला आला. फोन करून झेल्डाला फाटकापाशी बोलावलं. पहाटे त्यानं प्रार्थनाघरात दहा जण जमवून बहिणीसाठी प्रार्थना म्हटली होती. घरी ओट्यावर दिवा जळत होता, तो दुसऱ्या दिवसापर्यंत पुरणार होता. हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. फक्त हातातली टोपी तो फिरवत राहिला.

दगडावरची अक्षरं त्यानं दोनदा वाचली. नाव, बापाचं नाव, तारीख. बाकी काही नव्हतं.

"ब्रोन्या कुठे लिहिलेलं नाही ना? मागे वगैरे?"

"नाही. मागे जाऊन बघा."

तो खरंच मागे जाऊन पाहून आला. झेल्डानं रस्त्यावरून उचललेला खडा दगडाच्या कडेवर ठेवला, आमच्याकडे कबरीला भेट दिली की ठेवतात तसा. मग दुसरा त्याच्यापुढे धरला.

शायानं मान हलवली. "नको."

"बरं."

"सव्वाअकराची आहे ना इथून?"

"साडेअकराची. वेळापत्रक बदललं."

"मला कोणी सांगितलं नाही," शाया म्हणाला. फाटकापाशी त्यानं नळावर हात धुतले, तिच्याकडचा रुमाल घेतला, परत दिला. दिवा एकटाच जळतोय, लवकर पोचायला हवं, एवढं म्हणून तो उतार उतरू लागला.